सही आणि टेका: कोपरीच्या एका इमारतीचं प्रकरण

सरांनी हे लिहायला परवानगी दिली ती एका अटीवर. "चूक लिहायची तर लिही, पण माझ्या वतीने कारणं देत बसू नकोस." अट पाळायचा प्रयत्न करतो. नावं कुणाचीच घेत नाही, माणसांची नाही आणि सोसायटीचंही नाही.

सर म्हणजे ठाण्यातले स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली, आता माझं स्वतःचं लायसन आहे. त्यांची वाट सरळ कॉलेजातून आलेली नव्हती. आधी डिप्लोमा, मग एका आरसीसी कन्सल्टंटकडे ड्राफ्ट्समन. दिवसा ट्रेसिंग पेपरवर सळयांचे तक्ते काढायचे आणि रात्री एएमआयईचा, म्हणजे नोकरी करत देता येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा, अभ्यास. तिचा शेवटचा टप्पा, सेक्शन बी, सुटेपर्यंत लग्न झालं, मुलगी झाली. हिशोबाइतकाच त्यांचा हात लोखंडावरही चालायचा. वागळे इस्टेटमध्ये त्यांच्या शाळेतल्या मित्राचं लेथचं वर्कशॉप होतं आणि शनिवारी दुपारी सर हमखास तिथे सापडत.

या धंद्याबाहेरच्यांसाठी थोडं लायसनबद्दल. आर्किटेक्टसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे, इंजिनिअरसाठी तसा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला सहीचा अधिकार मिळतो तो महापालिकेच्या नोंदणीतून. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत त्यासाठी पात्रता आणि साधारण तीन वर्षांचा अनुभव मागितला आहे. कागद एवढासा, पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे इमारतीला तीस वर्षं झाली की तपासणी अशाच नोंदणीकृत माणसाकडून करून घ्यावी लागते. ठाण्यात हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत काम चालू असतानाच खाली आली, ७४ माणसं गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यात बी केबिनजवळ जुनी इमारत पडली. तेव्हापासून पाऊस तोंडावर आला की आमच्या ऑफिसातला फोन खाली ठेवायची सोय नव्हती.

ऑडिटच्या, म्हणजे या तपासणीच्या, शेवटी इमारतीला एक वर्ग द्यायचा असतो. सी-१ म्हणजे राहण्यालायक नाही, पाडा. सी-२ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ किरकोळ. २ए आणि २बी यांत कागदावर एका अक्षराचा फरक आहे. घरात तो फरक म्हणजे डिपॉझिट, दलालाची दलाली, मुलांच्या शाळेची रिक्षा आणि 'आता या वयात कुठे जाऊ' म्हणणारी आजी. म्हणून सोसायट्यांची सगळी शक्ती २बी मिळवण्यात जाते. ते मी समजू शकतो.

आता टेक्याची गोष्ट.

जुन्या इमारतीचा कॉलम दुरुस्त करायचा तर आजूबाजूच्या बीमला आधी टेके द्यावे लागतात. मग सुटं काँक्रीट छन्नीने काढायचं, सळईचा गंज घासायचा, जी सळई फार खाल्ली असेल तिथे नवी जोडायची, बाहेरून जाळी बांधून मायक्रो-काँक्रीटचं जॅकेट भरायचं. टेके असतात ते साधे टेलिस्कोपिक, बाहेरची नळी ६० मिलिमीटरची आणि आतली ४८ ची. सेंटरिंगवाला तो उभा करतो, चकती फिरवतो आणि हातोडीने दोन टोले देतो. त्या टेक्याने भार किती घेतला हे कुणालाच ठाऊक नसतं. सरांनी दोन्ही टोकं पाहिली होती. एका साइटवर बाल्कनीच्या टोकाला टेका इतका आवळला की स्लॅबला पोटातून चीर गेली. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, खालून उचललं की ताण खाली येतो आणि तिथे अडवायला काही नसतं. दुसऱ्या साइटवर खेळणाऱ्या पोराचा पाय लागला आणि टेका जागच्या जागी गोल फिरला. तो महिनाभर नुसता शोभेला उभा होता.

हिशोब करून पाहिला की हे किती गंभीर आहे ते कळतं. तीन मीटरच्या टेक्यावर तीन टन आले तर तो जवळपास १ मिलिमीटर आखडतो. शेजारचा धडधाकट ३०० बाय ३०० चा कॉलम तेवढ्याच भाराला ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कॉलम टेक्याच्या वीस पट ताठ. टेका नुसता टेकवून ठेवला तर नंतर येणारा जवळजवळ सगळा भार कॉलमच घेणार. टेक्याने काम करायला हवं असेल तर त्याच्यात आधीच मोजून भार भरावा लागतो.

सरांची कल्पना अगदी साधी होती. टेक्याच्या डोक्यावर बशीसारख्या स्प्रिंगांची चवड बसवायची. या बशा बेलव्हिल नावाच्या फ्रेंच माणसाने १८६७ साली पेटंट केलेल्या, आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मागवता येतात. एकाच तोंडाने रचल्या की ताकद वाढते, उलटसुलट रचल्या की दब वाढतो. चवडीच्या बाजूला एक खाच आणि तीन रेघा. खाच दुसऱ्या रेघेला आली की दोन टन. मुकादमाला अक्षर वाचता येत नसलं तरी रेघ दिसते. पहिला टेका वागळे इस्टेटमध्ये तयार झाला तेव्हा आम्ही तो हायड्रॉलिक जॅकखाली दाबून पाहिला आणि त्या दिवशी सरांनी ऑफिसात सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

वाशीच्या पुलावरून जाताना सर एक गोष्ट नेहमी सांगत. खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना १९६५ साली तिघांनी मांडली. त्यातले चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता आर्किटेक्ट, आणि तिसरे शिरीष पटेल, आपल्या जातीचे, स्ट्रक्चरवाले. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल केला तेच. "आपल्यातला माणूस अख्खं शहर सुचवतो, मी एक टेका सुचवला तर काय झालं?" त्या वाक्यात गंमत किती आणि भूक किती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

याच सुमारास कोपरीचं काम आलं. तळमजला अधिक चार मजले, वीस फ्लॅट, पुढे गाळे, मागे खाडीकडून येणारा खारा वारा, बांधकाम १९८० च्या दशकातलं. आम्ही नेहमीच्या चाचण्या केल्या. हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते पाहिलं. कॉलमला भोक पाडून फिनॉल्फ्थॅलिनची पिचकारी मारली. काँक्रीट अजून अल्कली असेल तर ते गुलाबी होतं, कर्बवायूने खाल्लेलं असेल तर रंग धरत नाही. बऱ्याच ठिकाणी सळईपर्यंत रंग आलाच नाही, म्हणजे सळईचं चिलखत गेलेलं. पुढच्या कॉलमांवर काँक्रीटमधून आरपार जाणाऱ्या अल्ट्रासॉनिक लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या जरासा वर मिळाला. आयएसच्या, म्हणजे भारतीय मानकाच्या, कोष्टकात ही 'चांगल्या'ची खालची पायरी.

मागच्या बाजूला, जिन्याशेजारी, दोन कॉलम एका गाळ्याच्या गोदामात होते. गोदाम छतापर्यंत भरलेलं. दोन्ही बाजूंना समोरासमोर अल्ट्रासॉनिकचं यंत्र लावायला जागा नव्हती, म्हणून तिथे फक्त रिबाउंड हॅमर मारला, म्हणजे पृष्ठभागावर आपटून उसळीवरून टणकपणा सांगणारा हातोडा. आकडे बरे आले.

इथेच थांबून सांगतो, कारण सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. काँक्रीटचा पृष्ठभाग कर्बवायूने खाल्ला की तो टणक होतो आणि रिबाउंड हॅमर जुन्या काँक्रीटला खऱ्यापेक्षा जास्त मार्क देतो. हे सरांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. फिनॉल्फ्थॅलिनचा निकाल त्यांच्या समोर होता. तरीही गोदाम रिकामं करून घ्या, असं त्यांनी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

रिपोर्ट सी-२बी चा गेला. दुरुस्तीच्या पद्धतीत एक कलम होतं: कॉलमचं काम करताना 'भार दर्शवणारे टेके' वापरावेत. खाली पुरवठादार म्हणून वागळे इस्टेटच्या वर्कशॉपचा पत्ता.

सर्वसाधारण सभा इमारतीच्या गच्चीवर भरली. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी रिपोर्ट मोठ्याने वाचला. २बी ऐकून गच्चीवर अक्षरशः सुटकेचा श्वास फिरला. मग तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा उठले. आयुष्य टर्नर म्हणून काढलेलं. म्हणाले, "साहेब, हा टेका मी बघून आलो. काम चांगलं आहे, फिनिशिंगही चांगलं आहे. पण तो तुमचाच ना?"

सर म्हणाले, हो.

"मग आम्ही घरात राहिलो तरच तुमचा टेका लागणार. घर खाली केलं तर लाकडी बल्ल्या लावूनही चालेल. बरोबर का?"

कुणी हसलं नाही. सरांना पैशांचा आरोप सहन झाला असता, तो तसा किरकोळ होता. एका टेक्यामागे सुटणारे पैसे आमच्या ऑडिटच्या फीपुढे काहीच नव्हते. आजोबांनी जे विचारलं ते वेगळं होतं, आणि आमच्या ऑफिसातल्या एकाही शहाण्याला ते सुचलं नव्हतं. माणसं राहत असताना कॉलम सुरक्षित दुरुस्त करता येतो, हे सिद्ध करण्यासाठीच तो टेका जन्माला आला होता. सरांना ते सिद्ध करायचं होतं. कोपरीची इमारत त्यासाठी फार सोयीची होती.

माझं स्वतःचं मत सांगतो, सरांना ते पूर्ण पटत नाही. लोक हितसंबंध म्हटलं की पाकीट शोधतात. आमच्या धंद्यात पाकिटापेक्षा हौस जास्त घात करते. पाकीट घेणाऱ्याला आपण घेतोय हे माहीत असतं, हौशी माणसाला माहीत नसतं.

सरांनी त्याच गच्चीवर दोन गोष्टी जाहीर केल्या. टेक्याचं कलम रिपोर्टातून काढतो. आणि दुरुस्तीचं काम मी बघणार नाही, दुसरा इंजिनिअर आणा, माझे सगळे आकडे त्यांना देतो. सेक्रेटरी नाराज झाले, कारण दुसरा इंजिनिअर म्हणजे दुसरी फी.

नेरुळच्या एक मॅडम आल्या. वयाने सरांपेक्षा बऱ्याच लहान, सिडकोच्या जुन्या वसाहतींमध्ये दुरुस्तीची पुष्कळ कामं केलेल्या. त्यांनी पहिल्या दिवशी कुठलंही यंत्र काढलं नाही. गाळेवाल्याला आठ दिवसांची मुदत देऊन गोदाम रिकामं करायला लावलं. मग दोन बिगारी घेऊन मागच्या एका कॉलमचा गिलावा कंबरेइतक्या उंचीवर सगळ्या बाजूंनी काढला.

आत रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना आडव्या बांधून ठेवणाऱ्या सळया, नव्हत्याच. होत्या त्या जागी तांबूस पूड होती. उभ्या सळया शिल्लक, पण कोपऱ्यातली एक बोटाने सोलता येत होती. कॉलमला रिंग नसली तर उभी सळई भाराखाली बाहेर फुगते आणि काँक्रीटची साल सोडवून घेते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, त्यामुळे आतून फाटायचं काम आधीच चालू झालं होतं. बाहेरून तो कॉलम ऑइल पेंट लावलेला, गुळगुळीत.

मॅडमनी फोन केला तेव्हा आम्ही तासाभरात पोहोचलो. सर उकिडवे बसून बराच वेळ कॉलमकडे बघत होते. उठले आणि म्हणाले, "मॅडम, ही २ए आहे." त्याच संध्याकाळी लेटरहेडवर दोन ओळी गेल्या: माझ्या अहवालातला वर्ग मी मागे घेत आहे, मागील कॉलम न उघडता तो देण्यात आला होता. प्रत महापालिकेला. आमच्या धंद्यात असं पत्र मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

जिन्याकडच्या रांगेतले सगळे फ्लॅट रिकामे झाले. आजोबा मुलीकडे डोंबिवलीला गेले. बाकीची घरं राहिली, कारण पुढचे कॉलम उघडून पाहिल्यावर खरंच बरे निघाले. मॅडमनी टेके तळमजल्यापासून थेट वरपर्यंत एकाखाली एक लावून घेतले. मधल्याच मजल्यावर टेका दिला तर भार फक्त खालच्या स्लॅबच्या डोक्यावर जातो. मे २०२१ मध्ये उल्हासनगरला दोन इमारतींत वरचा स्लॅब खालच्यांना घेऊन तळापर्यंत गेला, तो खालच्या स्लॅबला न झेपलेल्या भाराचाच प्रकार.

आणि मग मॅडमनीच सरांना विचारलं, "सर, तुमचे चार टेके द्याल का? भाडं ठरवा, मी देते. पण वाचन माझा माणूस घेईल."

सर आधी नको म्हणाले. मॅडमनी त्यांना जे ऐकवलं ते पेटंटच्या कुठल्याही परीक्षकाने ऐकवलं नव्हतं. "तुमच्या टेक्यात मोठा दोष आहे. स्प्रिंग म्हणजे मऊपणा. टेका आधीच कॉलमपेक्षा मऊ, त्यात तुम्ही दोन मिलिमीटरचा दब घातलात. नंतर आलेला भार तो आणखीनच कमी घेणार. आधार म्हणून मला तुमचा टेका नकोय. मला तो साक्षीदार म्हणून हवाय."

म्हणजे काय, ते चार दिवसांत कळलं. मागच्या कॉलमांच्या डोक्यावर गच्चीतली पाण्याची टाकी होती, दहा हजार लिटरची, म्हणजे भरली की दहा टन. मॅडमचा माणूस सकाळी दहाला वाचन घ्यायचा तेव्हा खाच दोन टनांवर शांत असायची. एका पहाटे पाणी आलं, पंप लागला, आणि वॉचमनला टॉर्चमध्ये खाच तिसऱ्या रेघेकडे सरकलेली दिसली. त्याने सरळ मॅडमना फोन लावला. कॉलम धड असता तर टाकीच्या भारातलं चिमूटभरच टेक्याकडे आलं असतं. मऊ टेक्याने इतकं घेतलं याचा अर्थ कॉलमच फार मऊ झाला होता. टाकी त्याच दिवशी बंद, पुढच्या बाजूला प्लास्टिकच्या दोन लहान टाक्या बसल्या, आणि ठरलेला क्रम मोडून त्या कॉलमचं जॅकेट आधी झालं.

वॉचमन झोपला असता तर? सर दोन दिवस एवढंच म्हणत होते. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये खाचेशेजारी एक पितळी काटा बसला. भार वाढला की तो पुढे ढकलला जातो, भार उतरला तरी मागे येत नाही. रात्री कितीही वाजता काहीही झालं तरी सकाळी कळतं.

पेटंटचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच उरलं. मूळ टेक्याचा अर्ज सरांनी कोपरीच्या आधीच केला होता, पण अर्जाच्याही आधी इंजिनिअरांच्या एका स्थानिक बैठकीत तो दाखवला होता, आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. पेटंट एजंटने कपाळाला हात लावला. कायद्याच्या कलम ३१ मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला बारा महिन्यांची सवलत आहे, पण चहापानानंतर फिरलेला व्हिडिओ त्यात बसवायचा कसा? तेवढ्यात अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयातून पहिला परीक्षण अहवाल आला. स्प्रिंग माहीत असलेली, टेका माहीत असलेला, दोन्ही आपापलं जुनंच काम करतात, मग कलम ३(एफ) प्रमाणे शोध कुठला? सर म्हणाले, प्रश्न योग्य आहे. उत्तराची मुदत त्यांनी जाऊ दिली.

पितळी काट्याचा मात्र वेगळा अर्ज झाला, आणि तोपर्यंत तो वर्कशॉपच्या बाहेर कुणाला दिसला नाही. मित्राने फोटो मागितला तर सर म्हणाले, "आधी अर्ज, मग चहा." एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये होती, एका टेक्याच्या टर्निंगच्या मजुरीहून कमी. तो अर्ज अजून तपासणीत आहे. मिळाला तरी पेटंट काट्याचं असेल, टेक्याचं नाही.

कोपरीचे लोक आठ महिन्यांनी परत आले. मॅडमच्या अंतिम दाखल्यावर आमचं नाव नाही, नसावंच. त्यांच्या बिलात चार टेक्यांच्या भाड्याची ओळ होती. सरांनी ती रक्कम सोसायटीला परत केली आणि मॅडमनी ती परत केल्याची पावती मागून फाइलला लावली. बाई पक्की आहे.

त्यानंतर सरांनी ऑडिटच्या रिपोर्टात पहिल्याच पानावर एक परिच्छेद सुरू केला. माझ्या मालकीचं कोणतं साधन आहे, ते या इमारतीत का सुचवलेलं नाही, आणि कुठले कॉलम उघडून पाहता आले नाहीत. तिसरा भाग क्वचितच भरावा लागतो, कारण गोदाम असो की कुणाचं देवघर, जागा रिकामी करून मिळेपर्यंत ते रिपोर्ट टाइप करायलाच देत नाहीत. मागच्या मे महिन्यात कळव्याच्या एका सोसायटीने त्यावरून काम काढून घेतलं आणि आठवड्यात दुसरीकडून सी-२बी आणलं. त्या इमारतीवरून जाताना सर स्कूटरचा वेग कमी करतात आणि तळमजल्याच्या दुकानांकडे बघतात.